अकर्तृक भावे

इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये हल्ली शब्द सुटे शिकवत नाहीत, जोडीनं शिकवतात. नुसता 'स्ट्रेस' पाठ करून भागत नाही. त्याच्या आगेमागे कोण बसतं तेही घोकावं लागतं. त्यासाठी एक झेरॉक्स मिळते. अंडर स्ट्रेस, कोप विथ स्ट्रेस, हँडल स्ट्रेस, रिलीव्ह स्ट्रेस, स्ट्रेस लेव्हल, स्ट्रेस मॅनेजमेंट, वर्क-रिलेटेड स्ट्रेस, स्ट्रेस्ड आउट. परभणीहून, जतहून, अहमदपूरहून पुण्यात आलेली पोरं कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा लावतात आणि ही यादी तोंडपाठ करतात. सर बजावतात, "डू स्ट्रेस म्हणायचं नाही. मेक स्ट्रेससुद्धा नाही. चुकीचं इंग्रजी आहे." पोरं वहीत लिहून घेतात. स्ट्रेस कुणी करत नाही आणि कुणी बनवतही नाही, हे ज्ञान त्यांना पहिल्याच महिन्यात होतं.

'कॉज स्ट्रेस' चालतं म्हणा. पण त्याच्या उदाहरणात माणूस सापडायचा नाही. ट्रॅफिक कॉजेस स्ट्रेस. नॉइज कॉजेस स्ट्रेस. लॅक ऑफ स्लीप कॉजेस स्ट्रेस. झोप का मिळाली नाही, रात्री साडेअकराला फोन कुणाचा आला होता, हे झेरॉक्सवर नसतं.

यादीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य मात्र शेवटी असतं आणि ते मुलाखतीसाठी असतं: 'आय वर्क वेल अंडर प्रेशर.' बावीस वर्षांचा पोरगा इंग्रजीत स्वतःच्या मनःस्थितीबद्दल जे पहिलं वाक्य शिकतो, ते तक्रारीचं नाही, संमतीचं आहे. दाबा साहेब, मी दबून छान काम करतो. पलीकडून हमखास प्रश्न येतो, 'हाऊ डू यू हँडल स्ट्रेस?' याचीही उत्तरं ठरलेली. आय प्रायॉरिटाइज माय टास्क्स, आय टेक डीप ब्रेथ्स, आय लिसन टु म्युझिक. एखाद्यानं उलट विचारलं, की आपण तो स्ट्रेस आणता कुठून आणि रोज किती आणता, तर त्याचं इंग्रजी कितीही शुद्ध असो, 'वी विल गेट बॅक टू यू' ठरलेलं.

आता आपल्याकडचा माल बघा. साहेबानं पिट्टा पाडला. पोरांनी भंडावून सोडलं. शेजाऱ्यानं उच्छाद मांडलाय. त्या हिशेबानं नुसता काव आणला. ठेकेदारानं तोंडाला फेस आणला. पाहुण्यांनी नाकी नऊ आणले. प्रत्येक वाक्यात तो एक 'नं' नाहीतर 'नी' आहे, आणि त्यातच फिर्याद आहे. तृतीयेचा प्रत्यय लागला की आरोपी उभा राहिलाच पाहिजे. नावगाव सांगितल्याशिवाय मराठी माणसाला धड वैतागताही येत नाही. अंगणातली म्हातारी गुडघे दुखले तरी आधी सुनेचं नाव घेते. यात न्याय किती आणि खोड किती ते सोडा; पण फिर्यादीत आरोपीचा रकाना रिकामा नसतो.

'टेन्शन' हा शब्दसुद्धा आपण घेतला तो आपल्या अटींवर. 'उगाच टेन्शन देऊ नकोस', 'त्याचं टेन्शन तू कशाला घेतोस?' म्हणजे देणारा एक आणि घेणारा एक, रोख व्यवहार. इंग्रजाला हे ऐकून हसू येईल, त्यांच्यात टेन्शनची अशी देवघेव नसते. पण आपल्याला पक्कं ठाऊक असतं, की टेन्शन आलं म्हणजे कुणीतरी ते दिलं असणार.

स्ट्रेसचं तसं नाही. स्ट्रेस 'असतो'. फार तर 'येतो'. 'काय गं, एवढी का सुकलीस?' 'अगं, स्ट्रेस आहे.' संपलं. आठवीत आम्हाला भावे प्रयोग शिकवताना बाई एक खास पोटजात सांगायच्या: अकर्तृक भावे. उजाडलं. सांजावलं. गडगडलं. मला मळमळतं. कोण उजाडलं, कोण गडगडलं, विचारायचंच नाही. क्रिया आहे, कर्ता नाही. व्याकरणाचे जाणकार इथं हरकत घेतील, की 'मला स्ट्रेस आलाय' यात स्ट्रेस हाच कर्ता, प्रयोग कर्तरी. अगदी मान्य. दुखणं तेच आहे. ज्याला धनी नाही तोच कर्ता होऊन बसलाय आणि खरा कर्ता केबिनमध्ये एसी लावून 'टीम के स्ट्रेस लेव्हल पे काम करना पडेगा' म्हणतोय.

हा शब्द सगळ्यांना मिळतो असंही नाही. त्याला पगाराची पायरी लागते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचं 'डोकं उठतं'. रिक्षावाल्याला 'टेन्शन' असतं, मुख्यतः हप्त्याचं. बँकेतल्या कारकुनाला 'बीपी' असतं. टीम लीड झालं, की स्ट्रेस सुरू होतो. व्हाइस प्रेसिडेंट स्ट्रेस घेत नाही, त्याला 'बर्नआउट' होतं. मग तो दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला जाऊन येतो आणि आल्यावर अकराव्या दिवशी सगळ्यांशी त्याबद्दल बोलतो, मौनाचा सगळा बॅकलॉग भरून काढतो. तो गेला त्याला 'ब्रेक' म्हणतात, त्याच्या हाताखालचा एक दिवस घरी राहिला तर 'मेंटल हेल्थ डे', आणि दोघांच्याही घरची बाई आली नाही तर 'खाडा'. खाड्याचे पैसे कापतात.

'स्ट्रेस' या शब्दाचा जन्मच मुळी असा कर्त्याविना झालाय. आजच्या अर्थानं स्ट्रेस रूढ केला तो हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं. 1907 साली व्हिएन्नात जन्मलेला, पुढे कॅनडात माँट्रिअलला स्थायिक झालेला. 1936 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचं एक छोटंसं पत्र छापून आलं. उंदरांना गारठ्यात ठेवलं, कापाकापी केली, दमेपर्यंत पळवलं, औषधं टोचली, काहीही केलं तरी त्यांच्या शरीरात त्याच खुणा दिसायच्या: अॅड्रिनल ग्रंथी सुजायच्या, थायमस आकसायची, पोटात व्रण पडायचे. शोध मोठा, वाद नाही. पण त्या खुणांना पुढे 'स्ट्रेस' हे नाव मिळालं आणि उंदीर 'स्ट्रेसमध्ये आहे' असं म्हणता येऊ लागलं. उंदराला विचारलं असतं तर त्यानं पांढऱ्या कोटातल्या गृहस्थाकडे पंजा दाखवला असता.

सेल्येच्या मातृभाषा दुसऱ्या. आपलं इंग्रजी तेव्हा आणखी पक्कं असतं तर आपण 'स्ट्रेन' म्हटलं असतं, असं तो पुढे म्हणायचा, असं सांगतात. हा फरक कुठल्याही पॉलिटेक्निकच्या पोराला विचारा. सळईवर जे बल पडतं त्याच्याशी नातं सांगतो तो स्ट्रेस, आणि सळई जी लांबते, वाकते तो स्ट्रेन. वर्कशॉपमध्ये लोड लावणारा वेगळा आणि वाकणारी सळई वेगळी. सळई वाकली म्हणून तिला श्वासाचे व्यायाम कुणी देत नाही. जगभरच्या डोकेदुखीचं बारसं कच्च्या इंग्रजीतून झालं असेल तर आमच्या झेरॉक्सवाल्या पोरांनी हुरूप धरायला हरकत नाही.

पुढची गोष्ट कमी गमतीची. सेल्येच्या संशोधनात तंबाखू उद्योगाला भारी रस होता आणि त्यांचा पैसाही त्याच्यापर्यंत पोचला. कंपन्यांच्या दप्तरातले कागद नंतर उघड झाले तेव्हा हे सगळं बाहेर आलं. हृदयविकार सिगरेटमुळे होतो असं डॉक्टर सांगू लागले होते. मग 'हृदयविकार होतो तो आधुनिक जगण्याच्या स्ट्रेसमुळे' हे वाक्य कंपन्यांना किती गोड वाटलं असेल! वर सोयीची शेपटी अशी, की सिगरेट ओढली की स्ट्रेस उतरतो. रोगाचं कारण स्ट्रेस, औषध आमच्याकडे, आम्ही नामानिराळे. ज्याचा धनी कुणी नाही अशा आरोपीवर सगळे गुन्हे ढकलता येतात, हे मनुष्यबळ विभागाच्या कितीतरी आधी सिगरेटवाल्यांना कळलं होतं.

मध्यंतरी स्ट्रेस मोजायचीही टूम निघाली. 1967 मध्ये होम्स आणि राही या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी करून प्रत्येकीला मार्क दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, तुरुंगवास 63. लग्न 50! म्हणजे तुरुंगापेक्षा फक्त तेरानं कमी. सासरच्यांशी भांडण 29 आणि साहेबाशी भांडण 23, हे वाचून आमच्या घरात एकमतानं टाळ्या पडल्या. यादी अमेरिकेची आहे यावर कुणाचा विश्वास बसेना. सुट्टीवर जाणं 13. नाताळ 12. नाताळात नुसता केक आणायचा म्हणून 12. त्यांनी चकलीचा सोऱ्या हातात धरला असता, किंवा गणपतीत नळाला एक दिवसाआड पाणी असताना दीड दिवसाचे पंचवीस पाहुणे काढले असते, तर आकडा कुठं गेला असता? सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा, मुलाची बारावी, शेजारच्या फ्लॅटचं रिनोव्हेशन यांची नोंद तर नाहीच. पण एक गोष्ट त्या यादीत बरी होती. तिच्यात घटना होत्या, माणसं होती: सासरचे, साहेब, कर्ज देणारा. वाचणाऱ्याला निदान बोट दाखवायला जागा होती. आता घड्याळच मनगटावरून सांगतं, 'युवर स्ट्रेस इज हाय.' कुणामुळे, ते सांगायचं फीचर अजून यायचंय.

बर्नआउटची कुळकथा याहून चटका लावणारी आहे. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हा मानसशास्त्रज्ञ दिवसा आपली प्रॅक्टिस करायचा आणि रात्री व्यसनात अडकलेल्या तरुण पोरांसाठी चालवलेल्या फुकट दवाखान्यात राबायचा. तिथले स्वयंसेवक हळूहळू कसे करपत जातात, चिडचिडे होतात, ज्यांच्यासाठी आले त्यांच्यावरच कसे वैतागतात, हे त्यानं बघितलं, स्वतः भोगलं आणि 1974 मध्ये त्यावर लिहिलं. शब्द सेवाभावी माणसांच्या विझण्याचा होता. तो तिथून निघून क्वार्टर-एंडच्या प्रेझेंटेशनमध्ये कसा पोचला, हा स्वतंत्र प्रवास आहे. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. हा आजार म्हणून नोंदलेला नाही, नोकरीधंद्याशी निगडित अवस्था म्हणून नोंदलाय. व्याख्येचा मथितार्थ असा, की कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा स्ट्रेस, जो यशस्वीपणे मॅनेज केला गेलेला नाही, त्यातून ही अवस्था येते.

'केला गेलेला नाही.' कुणाकडून? जिनिव्हासारख्या ठिकाणी, इतक्या तज्ज्ञ मंडळींनी बसून, कर्मणी प्रयोग लावला आणि कर्ता गाळला! मॅनेज करायला ज्याला पगार मिळतो, ज्याच्या हुद्द्यातच तो शब्द आहे, तो मॅनेजर. पण मॅनेज झाला नाही याचा ठपका बसतो ज्याला झाला त्याच्यावर. आमच्या गावाकडे विहिरीत कुणी ढकललं तर 'पोहणं यशस्वीपणे केलं गेलं नाही' असा पंचनामा करत नाहीत.

माझी भाची हिंजवडीत कामाला आहे. तिच्या टीममध्ये सात जण होते. मार्चमध्ये एक जण बंगळुरूला गेला, मे महिन्यात दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली. जागा भरल्या नाहीत, काम सातांचंच राहिलं. रोज रात्रीचे दहा वाजू लागले. मग एक दिवस ईमेल आली: 'वेलनेस वीक'. शनिवारी सकाळी दहा ते एक, स्ट्रेस मॅनेजमेंट वर्कशॉप, अटेंडन्स मॅन्डेटरी. शनिवारी तिला सुट्टी असते. म्हणजे असायची.

तिनं सांगितलेलं वर्णन जसंच्या तसं देतो. कॉन्फरन्स रूममध्ये दारातच क्यूआर कोड, तो स्कॅन केल्याशिवाय हजेरी लागत नाही. प्रत्येकाच्या हातात एक पिवळा स्पंजचा चेंडू, त्याच्यावर हसरा चेहरा आणि मागे कंपनीचा लोगो. हा 'स्ट्रेस बॉल', दाबायचा. मुंबईहून आलेल्या ट्रेनरबाई, कॉलरला माईक. त्यांनी आधी सगळ्यांना विचारलं, "स्ट्रेस कुठून येतो?" मागून कुणीतरी पुटपुटलं, "सातव्या मजल्यावरून." बाईंनी ते ऐकलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं. पुढची स्लाइड आली: स्ट्रेस आतून येतो. बाहेर काय घडतं त्यावर आपला ताबा नसतो, आपण त्याला प्रतिसाद कसा देतो त्यावर असतो. मग डोळे मिटून बॉक्स ब्रीदिंग. चार मोजत श्वास घ्यायचा, चार मोजेपर्यंत धरायचा, चारात सोडायचा, पुन्हा चार रोखायचा. दुसऱ्या फेरीत श्वास रोखलेला असताना टेबलावरचे पाच मोबाइल एकदमच थरथरले. क्लायंटची एस्कलेशन मेल. पाच जणांनी एक डोळा उघडला. मॅनेजर तर तीन सेकंदांत उत्तरही लिहून मोकळा, तेही श्वास न सोडता.

"अरे मामा, तरी मी विचारलंच," भाची सांगत होती.

"काय?"

"म्हटलं, मॅडम, सातांचं काम पाच जण करतोय. दोन माणसं आली तर श्वास आपोआप लागेल."

"मग?"

"एचआरवाली उठली. गोड हसली. म्हणाली, ग्रेट पॉइंट! लेट्स टेक इट ऑफलाइन."

हे ऑफलाइन नेमकं कुठं आहे, याचा पत्ता हिंजवडीच्या तिन्ही फेजांत अजून कुणाला लागलेला नाही. ग्रेट पॉइंट तिथं जातात एवढं नक्की. परतलेला कुणी पाहिला नाही.

ट्रेनरबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. श्वासाचा व्यायाम चांगलाच आहे, रक्तदाबाला बरा, आमच्या आजोबांनी जन्मभर प्राणायाम केला. पण आजोबा पहाटे पाचला उठून आपल्या मर्जीनं करायचे, क्यूआर कोड लावून नव्हे. आणि त्यांना कुणी असं सांगितलं नव्हतं, की नाकपुडी नीट धरलीत तर तलाठी सातबारा वेळेवर देईल.

या कंपनीवाल्या मंडळींच्या भाषेत आणखी एक गंमत आहे: माणसाबद्दल बोलताना सगळे शब्द यंत्राचे. माझी बँडविड्थ नाही. जरा रिचार्ज होऊन येतो. मी शट डाउन झाले होते. तिचा ब्रेकडाउन झाला. चला, यंत्र तर यंत्र! पण मग भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन बघा. सीएनसी मशीनच्या बाजूला तक्ता टांगलेला असतो: तेल कधी बदललं, फिल्टर कधी साफ केला, पुढची देखभाल कधी. मशीन झेपेल त्याहून जास्त रेटलं आणि स्पिंडल गेला, तर मालक मशीनला बोलत नाही. शिफ्टला कोण होता, फीड कुणी वाढवला, त्याला बोलावून घेतो. तिथं कर्ता दहा मिनिटांत सापडतो. स्पिंडल महाग असतो.

2024 मध्ये पुण्यातल्या एका बड्या कंपनीतली तरुण सनदी लेखापाल गेली आणि तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. त्या पत्रात रात्री होत्या, रविवार होते, कामावर काम टाकणारी व्यवस्था होती. त्यानंतर केंद्रीय अर्थमंत्री चेन्नईतल्या एका कार्यक्रमात म्हणाल्या, की ताण पेलण्याचं आतलं बळ घरच्यांनी शिकवायला हवं आणि ते देवाच्या आधारानं येतं. गदारोळ झाल्यावर, त्या मुलीला दोष देण्याचा हेतू नव्हता असा खुलासाही त्यांनी केला. नसेलही. पण आईनं पत्रात मांडलेला कर्ता एका भाषणात पुन्हा गळाला आणि ताण पुन्हा आतून यायला लागला, हे खुलाशानं बदललं नाही.

निदान मोठ्या साहेबांचं एक बरं, ते उघड बोलतात. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास सुचवले. 2025च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं बोलणं बाहेर आलं, त्यात 90 तास होते आणि रविवारीही कामाला बोलावता येत नाही याची खंत होती. लोक चिडले, विनोद फिरले. मला मात्र त्यांच्याबद्दल जरा कृतज्ञताच वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी कर्तरी प्रयोगात बोललं होतं.

मग सरकार मागे कसं राहील? महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला 9 तासांची आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. 2025च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली, कारखान्यांत 9 वरून 12. आस्थापनांत तिमाहीचा ओव्हरटाइम 125 तासांवरून 144. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असंही त्यात आहे. वाचून बरं वाटलं. नोकरी हवी असलेल्या माणसाकडून लेखी संमती मिळवणं किती अवघड असतं, हे काय सांगायला हवं? परभणीच्या पोरानं ती तोंडी तर केव्हाच देऊन ठेवलीय, उच्चारांसकट.

उलट्या दिशेचा एक प्रयत्न याच महाराष्ट्रातून झाला होता. सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या डिसेंबरात लोकसभेत खासगी विधेयक मांडलं: कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क. फ्रान्सनं 2017च्या सुरुवातीपासून असा कायदा लागू केला होता, ऑस्ट्रेलियानं 2024च्या ऑगस्टमध्ये केला. खासगी विधेयकांचं आपल्याकडे जे होतं ते त्याचंही झालं. त्याच्या मजकुराबद्दल मतं असू शकतात; रुग्णालयात, वीज मंडळात, वर्तमानपत्रात रात्रीचा फोन टळत नाही हे मीही जाणतो. तरी त्या विधेयकातलं मला जे आवडलं ते हे, की त्यात श्वासाचा व्यायाम नव्हता. त्यात फोन होता, आणि तो करणारा होता.

असो. वेलनेस वीकच्या शेवटी भाचीच्या कंपनीत 'पल्स सर्व्हे' आला. संपूर्ण निनावी, फक्त उघडताना एम्प्लॉयी आयडी टाकायचा. रविवारी रात्री अकरापर्यंत भरणं सक्तीचं. सहावा प्रश्न: तुमच्या स्ट्रेसचा मुख्य सोर्स कोणता? पर्याय: फॅमिली, हेल्थ, फायनान्स, कम्यूट, अदर्स. भाचीनं 'अदर्स'वर टिचकी मारली. एक छोटी चौकट उघडली. तिनं मराठीत टाइप केलं, 'दोन जागा भरा'. लाल अक्षरं आली: ओन्ली इंग्लिश कॅरेक्टर्स अलाउड. तिनं इंग्रजीत लिहिलं, मॅनेजरचं नाव आणि रिकाम्या जागांची तारीखवार माहिती. लाल अक्षरं: मॅक्सिमम ट्वेंटी कॅरेक्टर्स. अकराला पाच कमी होते. तिनं मागे जाऊन 'कम्यूट'वर टिक केली आणि सबमिट दाबलं.

बहुतेकांनी तेच केलं असणार. सोमवारपासून कंपनीच्या बसमध्ये बासरी लावतात.